हास्यवायू, जुनी गाडी आणि दोन सायकलस्वार

जुन्या स्पोर्ट्स कारला नायट्रस ऑक्साइडची जोड द्यावी आणि ती रोजच्या रस्त्यावर चालवावी काय, हा प्रश्न साहित्यविषयक लेखनाच्या या जागेत उपस्थित झालेला पाहून काही वाचक चकित होतील. त्यांना आमचे इतकेच सांगणे आहे की, नांदेड असो की लातूर, आपल्या वर्गात बसणाऱ्या मुलाच्या तोंडी वर्गाबाहेर 'रूपक' आणि 'प्रतिमा' या शब्दांपेक्षा 'पिकअप', 'बोअर', 'सायलेन्सर' हे शब्द अधिक जिव्हाळ्याने येतात. ज्या गोष्टीवर त्याचे मन जडले आहे तिच्याविषयी आपण बोलायचे नाही आणि मग तो आपले ऐकत नाही म्हणून खंत करायची, हा व्यवहार प्रामाणिक नव्हे. शिवाय नरहर कुरुंदकरांच्या नांदेडात तरी विषय साहित्याचा की साहित्याबाहेरचा, अशी सोवळ्याओवळ्याची वाटणी शोभत नाही.

आमचे उत्तर नकारार्थी आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. मात्र हा नकार वेगाच्या ओढीला नाही आणि जुन्या गाडीशी झटणाऱ्या मिस्त्रीच्या कारागिरीला तर मुळीच नाही. नकार आहे तो प्रश्नातल्या 'रोजच्या रस्त्यावर' या दोन शब्दांना. एरवी ही चर्चा 'पोरे बिघडली' आणि 'म्हाताऱ्यांना काय कळते' या दोन वाक्यांतच संपते, म्हणून ती थोडी सावकाश करावी असे वाटते.

गॅरेजमध्ये ज्याला 'नॉस' म्हणतात त्या वायूचा आणि कवितेचा संबंध आपण समजतो त्याहून जवळचा आहे. जोसेफ प्रीस्टलीने १७७२ मध्ये हा वायू प्रथम तयार केला, परंतु त्याचा बोलबाला झाला तो १७९९ मध्ये, इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी. डॉ. थॉमस बेडोझ यांनी वायूंच्या साहाय्याने रोग बरे करता येतील या आशेने तेथे एक संस्था काढली होती आणि जेमतेम विशीतला हम्फ्री डेव्ही तिच्यात प्रयोग करीत होता. त्याने हा वायू आधी स्वतः हुंगला, आणि मग मित्रांना हुंगायला दिला. या मित्रांत सॅम्युएल टेलर कोलरिज होता आणि रॉबर्ट साउदीही होता. रेशमी पिशवीत वायू भरावयाचा, पिशवीचे तोंड आपल्या तोंडाला लावावयाचे आणि मग काय काय झाले ते लिहून काढावयाचे, असा तो प्रयोग असे. कोणाला हसू आवरेना, कोणाच्या बोटांच्या टोकांपर्यंत झिणझिण्या गेल्या, कोणी पाय आपटू लागले. ही सारी निवेदने डेव्हीने १८०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहेत. रसायनशास्त्राच्या ग्रंथात कवींच्या साक्षी नोंदवल्या जाव्यात, असा प्रसंग पुढे फारसा आला नाही. डेव्ही स्वतः कविता लिहीत असे. आणि 'लिरिकल बॅलड्स'च्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते पाहून विरामचिन्हे दुरुस्त करण्याची विनंती वर्ड्सवर्थने केली होती ती याच डेव्हीला. इंग्रजी स्वच्छंदतावाद शिकवताना हा तपशील आपण सहसा गाळतो. का गाळतो, न कळे.

या वायूमुळे वेदना नाहीशी होते, तेव्हा शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग व्हावा, अशी सूचना डेव्हीने त्या ग्रंथात केली होती. तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढची चाळीसहून अधिक वर्षे हा वायू जत्रेतल्या खेळांत लोकांना हसवीत राहिला. १८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने तो हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली, तेव्हा कोठे त्याचा वैद्यकीय उपयोग ध्यानात येऊ लागला. आधी मौज आणि मग उपयोग, हा या वायूच्या चरित्रातला क्रम आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी तो इंजिनात सोडला, कारण फार उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाला प्राणवायू पुरत नाही. युद्ध संपल्यावर तो शर्यतींच्या धावपट्ट्यांवर आला. २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरियस' या चित्रपटानंतर जगभरच्या तरुणांच्या डोळ्यांसमोर एक चित्र कायमचे उभे राहिले: लाल बटण, निळी बाटली आणि खिडकीबाहेर रेषा रेषा होऊन मागे पळणारे शहराचे दिवे.

ब्रिस्टलच्या त्या खोलीतली एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तेथे बसलेल्या प्रत्येकाने पिशवी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या इच्छेने तोंडाला लावली होती. पुढे या मुद्द्याशी आम्हाला परत यावे लागणार आहे.

आता यंत्राकडे वळू. नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही, तो जाळण्याला हातभार लावतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, तर या वायूत तो सुमारे ३६ टक्के असतो. सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर तो फुटतो आणि त्यातला प्राणवायू मोकळा होतो. इंजिनाला अधिक प्राणवायू मिळाला म्हणजे तितक्याच प्रमाणात अधिक पेट्रोल जाळता येते. दुसरे असे की, बाटल्यात तो दाबाखाली द्रवरूपात असतो आणि नळीतून बाहेर पडताना एकदम पसरून थंडगार होतो, त्यामुळे आत जाणारी हवाही थंड आणि दाट होते. इंजिनाची मूळ घडण न बदलता काही सेकंदांपुरती तीस-चाळीस टक्के किंवा त्याहूनही अधिक शक्ती मिळते. बाटला सलग उघडा ठेवला तर मोजक्या मिनिटांत रिकामा होतो. ही शक्ती गाडीच्या मालकीची नसते, उसनी आणलेली असते, आणि तिची परतफेड बहुधा इंजिन करते. वायूबरोबर पेट्रोल योग्य मापात वाढले नाही तर मिश्रण रोड होते, ज्वाला आपल्या वेळेआधी आणि भलत्या जागी पेटते, इंजिन आतल्या आत ठोके देऊ लागते आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडते. नव्या गाडीत इंधनाचे माप संगणक सांभाळतो. जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीत ते मिस्त्रीच्या कानावर अवलंबून असते.

मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे आणि तो चित्रपटात दिसत नाही. नायट्रस ऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३६.४ अंश सेल्सियस आहे. म्हणजे या तापमानाच्या वर कितीही दाब दिला तरी तो द्रवरूपात राहू शकत नाही. द्रव आणि वायू हा भेदच मिटतो. गाडीत बसवायची सारी मापे, तोट्यांची छिद्रे, पेट्रोलचे प्रमाण हे सर्व बाटल्यात सुमारे ९०० ते १००० पौंड दाबाखाली द्रव आहे असे गृहीत धरून ठरवलेले असते, आणि हा दाब साधारण तिशीच्या आसपासच्या तापमानाला मिळतो. नांदेडात मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या पुढे जाणे ही नित्याची गोष्ट आहे. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी अधिक उष्मा असतो. तेथे ठेवलेल्या बाटल्याचा दाब झपाट्याने चढतो, सुरक्षेसाठी बसवलेली चकती फुटून सारा वायू एका फटक्यात डिकीत मोकळा होऊ शकतो. आणि तसे झाले नाही तरी ठरवलेले माप चुकते ते चुकतेच. थंड देशांत बाटल्याला ऊब देणारी विजेची पट्टी विकत मिळते. आपल्याकडे बाटल्याला ओले पोते गुंडाळावे लागेल. युद्धातल्या विमानांना वर हवा कमी पडत होती म्हणून हा उपाय योजला गेला. लातुरात हवा कधी कमी पडल्याचे ऐकिवात नाही; कमी पडले ते पाणी, आणि २०१६ मध्ये ते मिरजेहून रेल्वेने आणावे लागले.

'जुनी स्पोर्ट्स कार' हा शब्दप्रयोगही आपल्याकडे जपून वापरावा लागतो. खऱ्या अर्थाने भारतात बनलेली दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार म्हणजे गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म'. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या गाडीची काया फायबरची होती आणि इंजिन रेनोचे, ११४९ सीसीचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे. दिसायला वादळ आणि पळायला वाऱ्याची झुळूक, असे तिचे वर्णन केले तर तिच्या चाहत्यांनी रागावू नये. तिच्याखेरीज आपण ज्यांना हौसेने स्पोर्ट्स कार म्हणतो त्या बहुधा जुन्या कॉन्टेसा, पद्मिनी, एस्टीम यांसारख्या गाड्या असतात. वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. त्यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बांधलेली पद्मिनी एके काळी मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत पळत असे, हे आज सांगितले तर टॅक्सीत बसलेल्या पिढीला खरे वाटत नाही. २००४ च्या 'टारझन: द वंडर कार' या हिंदी चित्रपटात मुलगा वडिलांची भंगारातली गाडी उचलून आणतो आणि तिला नवे रूप देतो. ती गाडी दिलीप छाब्रिया यांनी टोयोटाच्या एमआर-टू या जुन्या स्पोर्ट्स कारवर घडवली होती. चित्रपट सुमारच होता, पण भंगारातून वडिलांची गाडी उठून उभी राहते ही कल्पना खोल जाणारी आहे. आपल्या गावांत ज्यांच्या अंगणात वडिलांची बंद पडलेली गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांना ती अधिक कळते.

या ठिकाणी मिस्त्रीविषयी चार शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. मिळत नसलेला सुटा भाग लेथवर कातून घेणे, दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स जुळवणे, बोनेटवर हात ठेवून कोणत्या सिलिंडरमध्ये दोष आहे ते सांगणे, हे ज्ञान आहे. ते छापील नाही, आणि म्हणून आपल्या विद्यापीठीय जगात त्याला ज्ञान म्हणण्याची पद्धत नाही. मराठी साहित्याने यंत्राकडे पाहिले नाही असे नव्हे. मर्ढेकरांनी ते कवितेत आणले, सुर्व्यांच्या कवितेत गिरणी आणि गिरणीतला माणूस आला. परंतु हे यंत्र बहुधा माणसाला भरडणारे आहे. हाताने उघडलेले, पुसलेले, जुळवलेले, लाडाने एखाद्या जनावरासारखे सांभाळलेले यंत्र आपल्या कथा-कवितेत फार थोडे आढळते. मुलगा गॅरेजमध्ये जाऊन बसतो, याचे एक कारण असेही असावे की, त्याच्या हातांना तेथे मान मिळतो. म्हणून जुनी गाडी उघडून तिला नवा जीव देणाऱ्याला आम्ही गुंड म्हणणार नाही. त्याने इंजिन बोअर करावे, रेडिएटर मोठा बसवावा, आसने काढून टाकावीत. आमची हरकत या कामाला नाही.

हरकत कशाला आहे, हे स्पष्ट करण्यासाठी आम्ही वाचकांना एका परिचित संहितेकडे नेऊ इच्छितो. फिलिप्पो तोमासो मारिनेत्ती याचा भविष्यवादाचा जाहीरनामा २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या 'ल फिगारो' या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर छापून आला. धडधडत धावणारी मोटार ही सॅमोथ्रेसच्या विजयदेवतेच्या शिल्पापेक्षा सुंदर आहे, हा त्यातला दावा आधुनिकतेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवला जातो. त्याआधीची गोष्ट मात्र फारशी शिकवली जात नाही. जाहीरनाम्याच्या आरंभी मारिनेत्ती मित्रांसह मोटारी घेऊन सुसाट निघतो, आणि वाटेत समोरून दोन सायकलस्वार येतात. त्यांना चुकवताना त्याची गाडी उलटून खंदकात पडते. हा अपघात कल्पित नव्हे, १९०८ मध्ये मिलानजवळ तो खरोखर झाला होता. खंदकातल्या चिखलाने माखलेला मारिनेत्ती बाहेर येतो तो आनंदाने बेभान होऊन, आणि त्या आनंदातच वेगाचे सौंदर्यशास्त्र जगाला सांगतो.

दोन सायकलस्वारांचे काय झाले? जाहीरनामा ते सांगत नाही. लेखक त्यांची तुलना परस्परविरोधी पण सारख्याच पटण्याजोग्या दोन युक्तिवादांशी करतो, वाट अडवल्याबद्दल त्यांच्यावर चिडतो आणि पुढे जातो. त्यांना चेहरा नाही आणि नावही नाही. ते कामावर निघाले होते की घरी, हे कळत नाही. ते हाडामांसाची माणसे होती, एका उपमेत त्यांचे विसर्जन झाले. शंभराहून अधिक वर्षे विद्यार्थी हा मजकूर वाचत आले आहेत, आणि आमच्या समजुतीप्रमाणे बहुतेकांचे लक्ष खंदकातून बाहेर येणाऱ्या कवीकडे असते. रस्त्यावर नायट्रसचे बटण दाबणाऱ्या माणसाविषयीचा आमचा आक्षेप नेमका हाच आहे. त्याच्या त्या दहा सेकंदांत रस्त्यावरचे इतर सारे लोक त्याच्या कथेतले अडथळे होतात. ब्रिस्टलच्या खोलीत पिशवी ज्याने त्याने आपल्या तोंडाला लावली होती. येथे एकजण श्वास घेतो आणि त्याचा परिणाम सायकलवरून शिकवणीला निघालेल्या मुलीला भोगावा लागू शकतो. तिला कोणी विचारलेले नसते.

हे आम्ही अलंकारिक म्हणून लिहीत नाही. लातुरातील शिकवणी वर्गांच्या भागात, ज्याला सारे गाव 'ट्युशन एरिया' म्हणते, सकाळी आणि संध्याकाळी रस्ता मुलामुलींनी भरून वाहतो. बीडपासून, धाराशिवपासून, परभणीपासून आईबापांनी पाठवलेली ही मुले खोल्या करून राहतात, मेसमध्ये जेवतात आणि सायकलने किंवा पायी वर्गाला जातात. 'लातूर पॅटर्न' हा शब्द आपण गुणवत्ता यादीपुरता वापरतो, परंतु त्याचे खरे दृश्यरूप म्हणजे पाठीवर दप्तर घेतलेले हे सायकलस्वार. नांदेडातही शिकवणी वर्ग सुटण्याच्या वेळी याहून वेगळे दृश्य नसते.

यावर ठरलेले उत्तर असे असते की, आम्ही गर्दीत कशाला दाबू, रात्री मोकळ्या रस्त्यावर दाबतो. तुळजापूरकडून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा असा नांदेडला येणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ रुंद झाल्यापासून हे उत्तर अधिक ठामपणे दिले जाते. पण मोकळा रस्ता ही मोटारीच्या काचेतून दिसणारी गोष्ट आहे. गळिताच्या हंगामात त्याच रस्त्याने रात्री उसाच्या ट्रॉल्या जातात, आणि पुष्कळशा ट्रॉल्यांच्या मागे लाल दिवा नसतो. शेताला रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला निघालेला माणूस बॅटरी घेऊन रस्ता ओलांडतो. नवरात्रात तुळजापूरची वाट पायी चालणाऱ्यांची असते. वेग ताशी ६० वरून ९० वर गेला म्हणजे दीडपट झाला, पण गाडी थांबायला लागणारे अंतर सव्वादोन पट होते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पद्मिनीचे चारही ब्रेक ड्रमचे. बाटला इंजिनाला श्वास देतो, ब्रेकला काही देत नाही. आणि टायर, स्टिअरिंगचे सांधे, चाळीस वर्षांची चॅसिस यांनाही काही देत नाही.

कायद्याने या बाबतीत काय केले आहे? मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. म्हणजे नायट्रसचा प्रश्न कायद्याच्या लेखी निकालात निघाला आहे. आम्हाला तो निकाल अपुरा वाटतो, आणि तोही उलट्या बाजूने. कायदा गाडीत काय बदलले ते पाहतो. कोठे आणि कोणासमोर चालवली हे मात्र दुय्यम ठरते. फक्त धावपट्टीवर नेण्यासाठी ट्रकवर लादून नेलेली गाडी आणि भर बाजारात बटण दाबणारी गाडी यांतला भेद त्याला नीट मांडता आलेला नाही. परिणामी मिस्त्रीचे काम चोरीछुपे होते, माप तपासले जात नाही, बाटला कोणत्या प्रतीचा आहे हे कोणी विचारत नाही. फटाक्यासारखा आवाज काढणारे बुलेटचे सायलेन्सर जप्त करून, ओळीने मांडून, त्यांवरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांत वारंवार येतात. लोखंड चपटे होते, हौस तशीच राहते.

येथे सीएनजीचा दाखला उद्बोधक आहे. सीएनजीचा बाटला सुमारे २०० बार दाबाखाली असतो, म्हणजे नायट्रसच्या बाटल्याच्या तिप्पट दाबाने, आणि तो हजारो गाड्यांच्या डिकीत कायद्याच्या संमतीने बसवलेला आहे. त्याला मान्यता लागते, नोंदणी पुस्तकात त्याची नोंद होते, दर तीन वर्षांनी त्याची दाबचाचणी होते. तेव्हा 'बाटला धोकादायक आहे' एवढेच कारण पुरेसे नाही. धोका सांभाळायचे ठरवले तर शासनाला तो सांभाळता येतो.

आणि वेगाच्या बाबतीतही आपण हे एकदा केलेले आहे. मराठवाडा-विदर्भात ज्याला शंकरपट म्हणतात त्या बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंदी घातली. बैलाला टोचणे, विजेचा झटका देणे, अशा प्रकारांनी त्या शर्यती बदनाम झाल्या होत्या. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, बैलांची तपासणी होते, चाबूक-काठी चालत नाही. इंजिनाला वेदना होत नाहीत, म्हणून हा दाखला पूर्णपणे लागू पडत नाही, हे आम्ही जाणतो. पण शंकरपट रस्त्यावर होत नाही, पटावर होतो, आणि कडेला उभा असलेला प्रत्येकजण पट पाहायलाच आलेला असतो. नांदेडात होळीच्या सुमारास हल्लाबोल मिरवणूक निघते, तेव्हा तर रस्ताच धावण्याची जागा होतो. परंतु ती वेळ आणि तो मार्ग सारे गाव जाणते. आपल्या समाजाला वेग वर्ज्य नाही, त्याला ठिकाण आणि तिथी मात्र हवी असते.

मराठवाड्यातल्या मोटारवेड्या मुलाला असे ठिकाण नाही. चेन्नई आणि कोइमतूरच्या धावपट्ट्या त्याच्या खिशाबाहेरच्या आहेत. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर 'व्हॅली रन' या नावाने पाव मैलाच्या सरळ शर्यती भरवल्या गेल्या. त्यांत जुन्या, हाताने घडवलेल्या गाड्याही धावल्या. परंतु लोह्याचा किंवा उदगीरचा मुलगा तेथवर गाडी नेणार कशी? त्यामुळे 'शौक असेल तर ट्रॅकवर जा' हे आपले उत्तर ऐकायला बरे असले तरी ज्याच्यासाठी दिले जाते त्याच्या उपयोगाचे नसते.

पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. लातूरच्या विमानतळाची धावपट्टी दीर्घकाळ नियमित प्रवासी विमानांवाचून पडून राहिली, हे त्या जिल्ह्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तेथे ४०२ मीटर पळून सावकाश थांबायलाही भरपूर जागा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ सार्वजनिक ठिकाणच्या शर्यतींना राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून मनाई करते. म्हणजे संमतीची वाट त्याच कलमात आहे. वर्षातून दोन-चार रविवारी, रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी उभी करून, तंत्रनिकेतनाच्या प्राध्यापकांनी आणि गावातल्या जुन्या मिस्त्रींनी मिळून गाड्या तपासून, असा पट लावता येणार नाही काय? विमान वाहतूक खात्याच्या अडचणी असतील, विम्याचा प्रश्न असेल. शंकरपटाच्या वेळी अडचणी याहून मोठ्या होत्या आणि त्यासाठी माणसे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

तोवर ज्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली गाडी उभी आहे त्यांनी काम सुरू करायला हरकत नाही. आधी ब्रेक, मग टायर, मग स्टिअरिंगचे सांधे आणि रेडिएटर. इंजिन सर्वांत शेवटी. कोणत्याही जाणत्या मिस्त्रीला विचारले तर तो हाच क्रम सांगेल. बाटला बसवायचाच असेल तर तो डिकीत ठेवून गावभर फिरू नये. घरात सावलीला उभा ठेवावा आणि धावपट्टीवरच जोडावा, मे महिना वगळून.